ड्रॉपडाऊनमध्ये न बसणारा छळ

नेटफ्लिक्सवरच्या ‘मेड’ (२०२१) या दहा भागांच्या मालिकेत ॲलेक्स रात्रीच्या अंधारात लहानग्या मॅडीला घेऊन घर सोडते. दारूच्या नशेत जोडीदार शॉनने भिंतीवर ठोसा मारलाय, काच फोडलीय. मुलीच्या केसांत काचेचे तुकडे आहेत. पण ॲलेक्सच्या अंगावर त्याने हात टाकलेला नाही. म्हणून सरकारी मदत कार्यालयात ‘छळ होतोय का?’ असं विचारल्यावर ती ‘नाही’ म्हणते.

पुढचं चक्र माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला लगेच ओळखू येतं. पाळणाघराचं अनुदान हवं तर नोकरीचा पुरावा द्या. नोकरी हवी तर मूल कुठेतरी ठेवा. आम्ही याला डेडलॉक म्हणतो. आमचा सर्व्हर रीस्टार्ट करता येतो. इथे मागच्या सीटवर मूल आहे. स्क्रीनच्या कोपऱ्यात ॲलेक्सकडचे उरलेले डॉलर कमी होत जातात, तेव्हा आकडेसुद्धा थरारपट होतात. आणि कोर्टात तर तिचं बेघर असणं हेच तिच्या आईपणाविरुद्ध जातं. ती बेघर का झाली, हे कुणी आधी विचारत नाही.

मालिकेचा सर्वांत चांगला भाग म्हणजे डेनिसचं निवारागृह. ॲलेक्स मध्येच शॉनकडे परत जाते आणि पुन्हा मोडून येते. डेनिस तिला जाब विचारत नाही, दार उघडते. मदतयंत्रणेची खरी परीक्षा दुसऱ्यांदा आलेल्या बाईला ती कसं वागवते यात असते, हे मालिकेला नेमकं कळलंय.

म्हणूनच शेवट खटकतो. ॲलेक्स सुटते ती लेखनाच्या गुणावर आणि श्रीमंत मालकिणीने मिळवून दिलेल्या वकिलामुळे. तिला लढायला शिकवणारी डॅनिएल मात्र छळणाऱ्याकडे परत जाते आणि कथेतूनच निसटते. जिच्याकडे असा गुण नाही, अशी मालकीणही नाही, तिचं काय? मालिका तिथे थांबत नाही.

आपल्याकडे २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानलाय. म्हणजे ड्रॉपडाऊनमध्ये पर्याय आहे. पण घरातला पहिला प्रश्न अजून तोच: “मारत तर नाही ना?”

काही वर्षांपूर्वी एका मामेबहिणीला फोनवर मीही हेच विचारलं होतं. ती “नाही” म्हणाली. मला हायसं वाटलं, आणि मी विषय बदलला.