दक्षिणावर्ताची पारख

पेडण्यातील मोरजी-केरीच्या वाळूत पोरे शंखले वेचतात. परंतु पेडणे-डिचोलीच्या देवघरांत पूजिला जाणारा शंख बहुधा दूरच्या मन्नारच्या आखातातला असतो. ‘दक्षिणावर्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शंखांसोबतची माहितीपत्रके वाचली आणि त्यांतील परीक्षांचे नवल वाटले. कानाशी धरल्यास नाद येतो म्हणे! तो कोणत्याही पोकळ कवचातून येतो.

नावांचा घोळ त्याहून मोठा. वेटोळ्याचे टोक वर व तोंड आपल्याकडे धरले, तर नेहमीच्या शंखाचे तोंड उजवीकडे दिसते. शास्त्रज्ञ त्यास उजवा म्हणतात. आपण निमुळती पन्हळ वर धरतो, म्हणून आपल्या लेखी तोच वामावर्त. उलट वळणाचा शंख अतिदुर्मिळ. अमेरिकेच्या किनाऱ्यावरील एका निराळ्या गोगलगायीचे मात्र हेच नैसर्गिक वळण आहे, आणि तिचे कवच दक्षिणावर्त म्हणून खपते.

भेद आत पाहावा. खऱ्या शंखाच्या मधल्या खांबावर ३-४ ठळक वळ्या असतात. त्या परक्या कवचात तशा नसतात. मी पाहिलेल्या एकाही पत्रकात या वळ्यांचा उल्लेख नाही. किंमत मात्र ठळक अक्षरांत आहे.