मानधन की वेतन? : सार्वत्रिक बालसंगोपन धोरणाची चिकित्सा

प्रस्तावना

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण या तिच्या सहा सेवा होत. ज्या केंद्रातून त्या दिल्या जातात त्याला लाभलेले 'अंगणवाडी' हे नाव मात्र महाराष्ट्राच्या भूमीतील आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने पुढे ते कार्य कोसबाडला नेले. जे मूल बालवाडीपर्यंत येऊ शकत नाही त्याच्या अंगणात बालवाडी न्यावी, हा त्यामागील विचार होता. शासनाने हे नाव स्वीकारले. परंतु अंगणात जाणाऱ्या स्त्रीच्या श्रमाचे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. प्रस्तुत लेखात या धोरणातील अंतर्विरोधाची चिकित्सा करावयाची आहे.

एकाच महिन्यातील दोन निकाल

हा अंतर्विरोध सर्वाधिक स्पष्टपणे दिसतो तो डिसेंबर २००६ मध्ये. अन्नाच्या अधिकारासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर रोजी योजनेच्या सार्वत्रिकीकरणाचा आदेश दिला. डिसेंबर २००८ पर्यंत किमान १४ लाख अंगणवाड्या कार्यान्वित कराव्यात, असे त्यात म्हटले होते. त्याच्या सहाच दिवस आधी, ७ डिसेंबर रोजी, कर्नाटक राज्य विरुद्ध अमीरबी या प्रकरणात त्याच न्यायालयाने अंगणवाडी सेविका 'नागरी पद' धारण करीत नाहीत असा निर्णय दिला होता. त्यांची पदे कोणत्याही कायद्यान्वये निर्माण झालेली नाहीत, त्यांना शासकीय सेवाभरतीचे नियम लागू नाहीत आणि त्या राज्याचे कार्य पार पाडीत नाहीत, अशी त्यामागील कारणे होती.

दोन्ही निकालांपुढील कायदेशीर प्रश्न वेगळे होते, हे मान्य केले पाहिजे. तथापि ते शेजारी ठेवून वाचले असता विसंगती लपत नाही. बालकाला अंगणवाडी मिळवून देणे हे राज्याचे बंधनकारक कर्तव्य असेल, तर ते कर्तव्य प्रत्यक्षात पार पाडणारी व्यक्ती राज्याचे कार्य करीत नाही, असे कसे म्हणता येईल? सेवा सार्वत्रिक आणि सेविका स्वयंसेविका, अशी ही मांडणी आहे.

'मानधन' या शब्दाचे राजकारण

या मांडणीचा भार 'मानधन' हा एक शब्द वाहतो. शब्दाचा पूर्वार्ध सन्मानाचा असला तरी त्याचे व्यावहारिक कार्य किमान वेतनाचा कायदा दूर ठेवणे हे आहे. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अध्यापन करणाऱ्या सहकाऱ्यांना याचा निराळा खुलासा करण्याची आवश्यकता नाही. २०१३ साली ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना 'कामगार' म्हणून मान्यता व किमान वेतन देण्याची शिफारस केली होती. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने सेविकेचे मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये आणि मदतनिसाचे १,५०० वरून २,२५० रुपये केले. त्यावरील भर राज्यांच्या मर्जीवर राहिली. महाराष्ट्राने २०२३ साली सेविकेची एकूण रक्कम ८,३२५ वरून १०,००० रुपयांवर नेली. तरीही ४ डिसेंबर २०२३ पासून सेविका व मदतनीस बेमुदत संपावर गेल्या. २०२४ साली पुन्हा वाढ झाली. मात्र तीही मानधनातच. वाढ हा उपकार ठरतो, हक्क ठरत नाही, हे येथील मूळ दुखणे आहे.

२५ एप्रिल २०२२ चा मणिबेन मगनभाई भारिया प्रकरणातील निकाल या पार्श्वभूमीवर महत्त्वाचा ठरतो. १९७२ च्या तत्कालीन कायद्यानुसार सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र आहेत आणि त्यांचे मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे, असे न्यायालयाने ठरविले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यामुळे या पदांना वैधानिक आधार लाभल्याचे नमूद करून हे काम अर्धवेळ असल्याचा युक्तिवादही न्यायालयाने अमान्य केला. अमीरबी निकालाचा पाया त्यामुळे डळमळीत झाला, मात्र नाहीसा झाला नाही. निवृत्तीच्या क्षणी जी स्त्री कर्मचारी ठरते, ती सेवाकाळात मात्र मानधनीच राहते.

आर्थिक भाराचा आक्षेप

लाखो सेविकांना वेतनश्रेणी देणे राज्यांना परवडणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो दुर्लक्षणीय नाही. परंतु आजचा खर्च नाहीसा होत नसून तो सेविकेच्या कुटुंबावर ढकलला जातो. शिवाय सार्वत्रिकतेलाही त्याची किंमत मोजावी लागते. अंगणवाडी दिवसातील काही तासच भरते आणि तीन वर्षांखालील मुलांना प्रामुख्याने घरी न्यावयाचा शिधा मिळतो. शेतमजूर मातेचा दिवस याहून पुष्कळ मोठा असतो. दिवसभराचे पाळणाघर हवे असेल तर पूर्ण दिवसाचे काम मागावे लागेल आणि पूर्ण दिवसाचे काम मानधनावर मागता येत नाही. २०२२ पासूनच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला पाळणाघराची जोड देण्यात आली. तेथील कर्मचारीही मानधनावरच आहेत.

समारोप

बालसंगोपनाचे धोरण आणि संगोपन करणाऱ्या स्त्रियांचे वेतनधोरण ही दोन स्वतंत्र प्रकरणे मानण्याची सवय सोडावी लागेल. मुलाचा हक्क आणि सेविकेचे वेतन एकाच कायद्यात, एकाच अंदाजपत्रकीय शीर्षाखाली आल्याशिवाय 'सार्वत्रिक' हा शब्द केंद्रांच्या संख्येपुरताच मर्यादित राहील. सेविकेच्या पगारपत्रकावर 'मानधन' ऐवजी 'वेतन' हा शब्द येणे, ही त्या बदलाची पहिली आणि सहज तपासता येण्याजोगी कसोटी होय.