वाटाड्याची पारख

मिनेसोटात सप्टेंबर उजाडला की आपल्या मंडळींची गणपतीची धावपळ सुरू होते आणि त्याच सुमारास इथल्या लोकांची दुसरीच धावपळ चालू असते. महिन्याच्या मध्याला धनुष्यबाणाने हरणांची शिकार करण्याचा मोसम उघडतो. ऑफिसातला एखादा कधी आवाज न चढवणारा गृहस्थ अचानक रजा टाकतो आणि भल्या पहाटे झाडावरच्या मचाणात जाऊन बसतो. आपण वरणभात खाणारी माणसे. धनुष्यबाण म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राम येतो, नाहीतर पोपटाचा डोळा पाहणारा अर्जुन.

असाच एक सहकारी गेली काही वर्षे आफ्रिकेतल्या रानरेड्यासाठी पैसे साठवतो आहे. तोही धनुष्यबाणानेच मारायचा आहे. त्याने एकदा जेवणाच्या सुट्टीत चार-पाच माहितीपत्रके माझ्यापुढे पसरली आणि विचारले, "यातला कुठला गाइड घेऊ?" प्रत्येकाकडे वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव होता आणि प्रत्येक फोटोत एक मेलेला प्राणी व त्यामागे एक हसरे गिऱ्हाईक. मला शिकारीतले ओ की ठो कळत नाही. पण शिकारीची पुस्तके मी लहानपणापासून वाचत आलो आहे. कॉर्बेटपासून सुरुवात झाली, ती आपल्यापैकी बहुतेकांची तशीच होते. म्हणून त्याला म्हटले, माहितीपत्रके राहू देत, ही तीन पुस्तके वाच. मग आमच्या मंडळाच्या वाचनकट्ट्यावरही तीच तीन घेतली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: यातला वाटाड्या कोण, आणि तो कुणाचे ऐकतो?

वाटाड्या इतका महत्त्वाचा का, हे समजायला बाण कसा मारतो ते आधी समजायला हवे. बंदुकीच्या गोळीचा धक्का मोठा असतो, हाडे फुटतात. बाणाचे तसे नाही. त्याचे पाते फुप्फुसातून किंवा काळजातून आरपार गेले तर रक्तस्राव होऊन जनावर लवकर पडते. चार बोटे मागे लागला तर ते तासन्‌तास जिवंत राहते. शिवाय बाण मारायला वीस-पंचवीस यार्डांवर जावे लागते, म्हणजे आपल्या हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचे अंतर. इतक्या जवळ उभ्या असलेल्या जखमी रेड्यापुढे दुसरा बाण चढवायला वेळ नसतो. म्हणून शिकाऱ्याच्या बाजूला भारी रायफल घेऊन एक माणूस उभा असतो. आफ्रिकेत त्याला प्रोफेशनल हंटर, थोडक्यात पी. एच. म्हणतात. बाण गिऱ्हाईकाचा, पण गिऱ्हाईकाचा जीव पी. एच.च्या हातात.

पहिले पुस्तक सॅक्स्टन पोपचे. हा सॅन फ्रान्सिस्कोचा सर्जन. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलमध्ये याही जमातीचा शेवटचा माणूस, इशी, लोकांसमोर आला आणि पुढे तिथल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात राहू लागला. पोप त्याचा डॉक्टर झाला आणि शिष्यही. धनुष्य कसे तासायचे, हरणाच्या जवळ कसे सरकायचे, हे सगळे तो इशीकडून शिकला. १९१६ मध्ये इशी क्षयाने गेला. आज अमेरिकेत धनुष्यबाणाच्या शिकारीचा जो प्रचंड पसारा आहे, त्याचे मूळ या दोघांच्या मैत्रीत आहे. पोप आणि त्याचा जोडीदार आर्थर यंग यांच्या नावाने १९६१ साली स्थापन झालेल्या क्लबचे मुख्यालय अनेक वर्षे आपल्याच मिनेसोटातल्या चॅटफिल्ड गावात होते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

१९२५ मध्ये पोप आणि यंग टांगानिकात सिंह मारायला गेले. पुढच्याच वर्षी 'द अ‍ॅडव्हेंचरस बोमेन' हे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी पोप वारला. भाषा जुन्या वळणाची आहे, आणि इतकी जनावरे मारल्याचे वाचून आजच्या वाचकाला मळमळते. हे सांगायलाच हवे. पण पुस्तक एका बाबतीत प्रामाणिक आहे. बरोबर लेस्ली सिम्सन हा सिंहांच्या शिकारीत मुरलेला अमेरिकन आणि स्टुअर्ट एडवर्ड व्हाइट हा कादंबरीकार होता. दोघांच्या रायफली मागे होत्या. त्या मोहिमेतले सगळेच सिंह बाणाच्या खात्यावर मांडता येत नाहीत, आणि पोप तसे मांडतही नाही. त्याच्या वाटाड्यांचा पहिला गुण हा, की बंदूक कधी बोलणार हे ठरवणे त्यांच्याकडे होते. दुसरा गुण, त्यांना पोपकडून बिदागी कमवायची नव्हती. ते मित्र म्हणून बरोबर होते. हा दुसरा गुण विकत मिळत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

हेमिंग्वेची 'द शॉर्ट हॅपी लाइफ ऑफ फ्रान्सिस मॅकोम्बर' ही १९३६ ची गोष्ट आपल्यातल्या अनेकांनी कॉलेजात वाचली असेल. शिक्षक तिच्यात शौर्य आणि नवरा-बायकोचे भांडण शोधायला सांगतात. मी म्हणतो, ती रॉबर्ट विल्सन या वाटाड्याची गोष्ट म्हणून पुन्हा वाचा. मॅकोम्बरने सिंह नीट न मारता जखमी केला आहे आणि तो गवतात शिरला आहे. मॅकोम्बर विचारतो, त्याला तिथेच सोडून का नाही द्यायचे? विल्सनला हा प्रश्नच मुळी ओंगळ वाटतो. एक तर जनावर तडफडत असते, आणि दुसरे, उद्या त्या वाटेने जाणाऱ्या कुणावर तरी ते तुटून पडेल. तू नको येऊस, मी जातो, असे तो म्हणतो. इथे विल्सन मोठा वाटतो.

पण त्याच गोष्टीत रेड्यांचा पाठलाग मोटारीतून होतो. ते बेकायदेशीर आहे. मॅकोम्बरची बायको त्यावर बोट ठेवते तेव्हा विल्सन कबूल करतो, की हे नैरोबीत कळले तर परवाना जाईल. म्हणजे जखमी सिंहाच्या मागे जीव धोक्यात घालणारा माणूस, गिऱ्हाईक खूश होत असेल तर नियम वाकवतोही. हेमिंग्वेने त्याला देव केले नाही आणि खलनायकही केले नाही. तो स्वतः १९३३-३४ मध्ये फिलिप पर्सिव्हल या नामांकित शिकाऱ्याबरोबर फिरला होता, तेव्हा ही माणसे त्याने जवळून पाहिली होती. मला त्याचा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. माग काढणारे, बंदुका वाहणारे आफ्रिकन लोक या गोष्टीत जवळजवळ मुके आहेत. गवत हलले ते आधी त्यांना दिसते, आणि आपल्याला त्यांची नावेही नीट कळत नाहीत.

तिसरे पुस्तक सगळ्यांत नवे आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे. अँड्र्यू लव्हरिज या ऑक्सफर्डच्या संशोधकाचे 'लायन हार्टेड', प्रकाशन २०१८. झिंबाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानातला सेसिल हा सिंह, वय सुमारे १३ वर्षे, गळ्यात ऑक्सफर्डची जीपीएस कॉलर. जुलै २०१५ च्या सुरुवातीला तो उद्यानाबाहेरच्या एका खाजगी जमिनीवर बाणाने मारला गेला. मारणारा आपल्या ब्लूमिंग्टनचा दंतवैद्य. त्या महिन्याच्या अखेरीस त्याच्या दवाखान्यासमोर निदर्शक, टीव्हीच्या गाड्या आणि पायरीवर ठेवलेली कापसाची खेळणी, हे दृश्य ट्विन सिटीजमधल्या कुणीही विसरलेले नसेल. आमच्या घरीही त्यावरून वाद झाले. मुलगी निदर्शकांच्या बाजूची, आणि आमचे भावजी म्हणत होते की भारतात माणसे वाघाच्या तोंडी जातात तेव्हा कुठे असतात हे लोक!

लव्हरिज आरडाओरडा करत नाही. तो कॉलरच्या नोंदी आणि जागेवरच्या माणसांच्या सांगण्यावरून रात्र जुळवतो. हत्तीच्या सांगाड्याचे आमिष, अंधार, पहिला बाण. तो वर्मी लागला नाही. वर्तमानपत्रांत ४० तास छापून आले होते, लव्हरिजच्या हिशेबाने दहा-बारा तास. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाणाने शेवट झाला. लेखकाचा सर्वांत बोचरा तर्क असा, की बंदूक असूनही ती रात्रभर गप्प राहिली, कारण गोळी लागली असती तर ती धनुष्याची शिकार म्हणून नोंदवता आली नसती. हा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, आणि लव्हरिजही तो तसाच मांडतो. पण मला पोपच्या मागे उभा असलेला सिम्सन आठवला. नव्वद वर्षांत धनुष्याला चाके लागली, तारा आल्या, बाण कार्बनचे झाले, आणि मागची बंदूक मात्र गिऱ्हाईकाच्या विक्रमासाठी थांबायला शिकली.

आपल्याकडे अंधारात बाण सोडणाऱ्या दशरथाची गोष्ट आहे. त्याच्याबरोबर कुणी वाटाड्या नव्हता. सेसिलच्या वेळी होता, परवानाधारक आणि अनुभवी. झिंबाब्वेचा हा परवाना काही सहज मिळत नाही. लेखी परीक्षा, उमेदवारी, मग रानात प्रत्यक्ष परीक्षा. आफ्रिकेत ती सर्वांत कडक समजली जाते. आणि तरीही दंतवैद्याने नंतर निवेदनात सांगितले ते हेच, की शिकार कायदेशीर असावी म्हणून मी स्थानिक व्यावसायिकांच्या जाणकारीवर विसंबलो. त्याच्यावर झिंबाब्वेत खटला झाला नाही, त्याची कागदपत्रे ठीक होती असे तिथल्या मंत्र्यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सांगितले. वाटाड्यावरचे आरोपही २०१६ मध्ये बुलावायोच्या न्यायालयाने रद्द केले. कायद्याच्या दृष्टीने कुणीच दोषी नाही. सुमारे ५० हजार डॉलर मोजून विकत घेतलेला अनुभव नक्की कशाचा होता, हा प्रश्न मात्र पुस्तक मिटल्यावरही उरतो.

आणि हे आफ्रिकेतच होते असे समजू नका. नोव्हेंबर २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघिणीला मारले, तेव्हाही बाहेरून नामांकित शिकारी बोलावले होते. तिथे शौक नव्हता, तेरा माणसांचे जीव गेल्याचा आरोप त्या वाघिणीवर होता. गावकऱ्यांची भीती खरी होती. तरीही रात्रीच्या वेळी, पशुवैद्य बरोबर नसताना ती मारली गेली, आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत नियम मोडल्याचा ठपका आला. अनुभव तिथेही भरपूर होता.

माझ्या सहकाऱ्याला मी एवढेच सुचवले, की किती जनावरे मारली हे गाइडला विचारू नकोस. गिऱ्हाईकाला किती वेळा 'आता बाण सोडायचा नाही' म्हणालास, ते विचार. जखमी जनावरावर गोळी कधी झाडणार हे आधीच ठरवून घे, आणि ते ठरवण्याचा हक्क त्याच्याकडे ठेव. त्या जमिनीवर त्या जनावराचा कोटा आहे का, तो कागद बघ. त्याने दोघांना फोन केले. एक जण हसला. दुसऱ्याने अर्धा तास त्याच विषयावर गप्पा मारल्या, आणि शेवटी विचारले, "पण तू दिवसाला किती बाण मारून सराव करतोस?" पोपलाही हा प्रश्न आवडला असता.

लव्हरिजच्या पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे. संशोधनाच्या तपशिलात मधली काही प्रकरणे फार सावकाश जातात, वाचनकट्ट्यावरच्या निम्म्या मंडळींनी ती चाळली. पण ज्यांनी चाळली त्यांचे नुकसान झाले, कारण शिकारीसाठी राखलेली जमीन उद्या शेतीखाली किंवा गुरांखाली गेली तर सिंहांना जागा कुठे उरणार, हा अवघड हिशेब तिथेच आहे. शिकारीवर सरसकट बंदी हवी असे तो म्हणत नाही, आणि आमच्या कट्ट्यावर हे अनेकांना पटले नाही.

सेसिलचा मुलगा झांडा जुलै २०१७ मध्ये मारला गेला. तोही उद्यानाच्या हद्दीबाहेर, त्याच्याही गळ्यात कॉलर होती. ती शिकार कायदेशीर होती, आणि या वेळी वाटाड्याने स्वतः ती कॉलर संशोधकांकडे परत आणून दिली. झांडा सहा वर्षांचा होता आणि त्याचे बछडे होते.