काचेतली पडवी

शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत अलीकडे जी शेतघरे उभी राहिली आहेत, त्यांच्या नकाशात एक खोली हमखास सापडते. तिला ‘सनरूम’ म्हणतात. तीन बाजूंना काच, वर पुष्कळदा काचच, आणि आत ‘पारंपरिक’ सजावट: पितळी समया, कुठल्याशा पडक्या वाड्याचा आणलेला खांब, झोपाळा, आणि गेरूच्या भिंतीवर पांढऱ्या रेषांची वारली माणसे. अशी चारदोन घरे मी पाहिली. आतिथ्य उत्तम होते, चहा तर फारच उत्तम. तरीही त्या खोल्यांविषयी माझे मत फारसे बरे झाले नाही.

पहिली गोष्ट उन्हाची. सनरूम ही थंड मुलखातल्या माणसांची गरज. महिनोन्‌महिने ज्यांना सूर्य धड दिसत नाही, त्यांनी मिळेल तेवढे ऊन काचेत कोंडून ठेवावे, हे शहाणपणच. आपल्याकडे उन्हाला वेळ पाहून आत घ्यायचे असते, आणि हे काम आपली पडवी बिनबोभाट करीत आली. हिशेब साधा आहे. हा मुलूख सुमारे १९ अंश अक्षांशावर. डिसेंबरअखेर दुपारचा सूर्य दक्षिण क्षितिजाच्या वर सुमारे ४७ अंशांवर असतो. मेच्या मध्याला तो अगदी डोक्यावर येतो. आता छपराची कड साडेसहा फुटांपर्यंत खाली उतरवली आणि पडवी तेवढीच रुंद ठेवली, तर दक्षिणेकडे उघडणाऱ्या पडवीत थंडीतले ऊन जवळजवळ मागच्या भिंतीपर्यंत येते, आणि वैशाखातले भर दुपारचे ऊन पायरीवरच थांबते. ना पडदा, ना यंत्र! शिवाय हीच उतरती कड आपल्याकडचा धुवांधार पाऊस भिंतीपासून दूर ठेवते. काचेच्या खोलीत मात्र मी फाल्गुनातल्या दुपारी तीन वाजता सगळे पडदे ओढलेले आणि गारव्याचे यंत्र घुमत असलेले पाहिले. सूर्यासाठी बांधलेल्या खोलीत आम्ही दिवा लावून बसलो होतो.

सजावटीत सर्वांत खटकले ते वारली चित्र. चित्र म्हणून नव्हे, त्याची जागा म्हणून. तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक हा वारल्यांकडे विधीचा भाग. तो सुवासिनींनी काढायचा, त्यात पालघट देवी बसवायची, मगच लग्न. ही कला कागदावर आली ती १९७० नंतरच्या काळात, आणि जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंताने ती जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा चित्राने भिंत सोडू नये, असे मी म्हणणार नाही. कागदावर मशे यांच्या जाळ्यातले मासे पाहताना श्वास अडकतो. पण सनरूमच्या भिंतीवर छाप्याने उमटवलेली, एकाच मापाची, झोपाळ्याच्या रंगाशी जुळवलेली ती माणसे कुणाच्याच लग्नाला निघालेली नसतात. मशे डहाणूकडचे, म्हणजे २०१४ नंतरच्या पालघर जिल्ह्यातले. शहापूर-मुरबाडात ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचीही मोठी वस्ती आहे. त्यांच्या घरांचे या खोल्यांत काय आले? काही नाही. घराशेजारच्या पाड्याकडे न पाहता ‘इथली’ म्हणून जी सजावट होते, ती दुकानातून आलेली असते.

वाड्याच्या खांबाविषयी फार लिहीत नाही. ज्याच्यावर काहीच पेललेले नाही असा खांब पाहिला की मला निवृत्त हवालदाराची आठवण होते.

पडवीचे गोडवे गातानाही जपून गायला हवेत. पापड-कुरडया वाळवायच्या, भात निवडायचा, वाटसरूने पाणी मागायचे, ते सारे इथे. म्हणून ती निम्मी गावाची, असे आपण म्हणतो. पण त्या गावात कातकऱ्याला पुष्कळदा अंगणातच उभे राहावे लागे, हेही खरे. परंपरा सजवायला निघालेल्यांनी ती पायरी तरी परत बांधू नये. काचेने मात्र ती न बांधता बांधली आहे: आतल्याला बाहेरचे सगळे दिसते, बाहेरच्याला आत बसता येत नाही. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यातलीच, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. त्या टँकरची रांग पितळी समईआडून पाहणे मला तरी जमले नाही.

असो. मुरबाडकडे एक घर मात्र मनापासून आवडले. मालकांनी पश्चिमेची काच काढून तिथे कारवीचा कुड घातला आहे, शेणामातीने लिंपलेला. वर कौले, खाली शहाबादी फरशी, बसायला घोंगडी. भिंतीवर चित्र नाही. सकाळी कुडाच्या वरच्या मोकळ्या फटीतून उजेड झिरपतो आणि खोली हळूहळू जागी होते. कुड विणून दिला तो जवळच्या पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या ठाकराने. त्याच्या स्वतःच्या घराला आता सिमेंटच्या भिंती आहेत. काम संपल्यावर तो मालकांना म्हणाला, “दर साली लिंपावा लागंल. त्याला बाई बगून ठेवा. आमच्यातल्या पोरी आता ह्ये काम करीत न्हाईत.” मालकांनी अजून कुणाला पाहिलेले नाही, आणि दिवाळीपर्यंत तरी कुडाचा खालचा पोपडा तसाच होता.