सिनिऑरिटी डावललेला नट

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला 'गॉडफादर'मधल्या खूनखराब्याचं काही वाटत नाही. पोटात तुटतं ते फ्रेडोला पाहून. वयाने मोठा तो, आणि सिनिऑरिटी डावलून खुर्ची धाकट्या मायकेलला! आमच्याकडे निदान युनियन तरी असते.

हा फ्रेडो केला जॉन कझालने. गृहस्थाचे सिनेमे अवघे पाच, १९७२ ते १९७८. पाचही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकित. त्यांतल्या तिघांनी ते पटकावलंही. आणि कझालला स्वतःला? एक नामांकनसुद्धा नाही.

दुबळा माणूस रंगवताना तो आपल्याकडे दयेची भीक मागत नाही, ही त्याची खरी कमाई. दुसऱ्या 'गॉडफादर'मध्ये भावावर भडकतो तेव्हा तो एका उतरत्या खुर्चीत पडलेला आहे. आयुष्यभराचा राग बाहेर पडतोय आणि खुर्ची काही धड उठू देत नाही! दुसरा नट आधी ताडकन उभा राहिला असता, मग टाळी घेतली असती.

'डॉग डे आफ्टरनून'मध्ये (१९७५) तर तो चक्क बँक लुटायला येतो. पळून कुठल्या देशात जायचं, असं विचारल्यावर म्हणतो, वायोमिंग. ते अमेरिकेतलंच एक राज्य! हे उत्तर पटकथेत नव्हतं, कझालचं स्वतःचं. तो मात्र हसत नाही. काउंटरच्या अलीकडच्या मला वाटतं, या लुटारूला आधी बसायला स्टूल द्यावं.

'द डिअर हंटर'च्या वेळी त्याला फुप्फुसाचा कर्करोग होता, म्हणून त्याचे प्रसंग आधी उरकून घेतले. मार्च १९७८मध्ये, ४२व्या वर्षी, तो गेला. चित्रपट आला डिसेंबरात. सहायक अभिनेत्याचं ऑस्कर त्या चित्रपटाला मिळालं बरं का, ख्रिस्तोफर वॉकनला.