६० टक्क्यांच्या मागची माणसं
बर्कली विद्यापीठातल्या स्लीप अँड न्यूरोइमेजिंग लॅबचे मॅथ्यू वॉकर तुम्हाला ‘व्हाय वी स्लीप’मुळे माहीत असतील. आता त्यांचा २००७ चा पेपर काढा. लेखक पाच: पहिले सुंग-शिक यू, दुसरे निनाद गुजर, वॉकर शेवटी. जागरण झालेल्यांचा अमिग्डाला त्रासदायक चित्रं पाहून ६० टक्के जास्त उत्तेजित झाला, हा आकडा सगळे सांगतात. पण सहभागी २६ च, त्यांतलेही सगळे जागलेले नव्हते. आणि जागरण एकाच रात्रीचं. प्रयोग नेटका आहे. मात्र इथे बजाजनगरात वर्षानुवर्षं नाइट शिफ्ट करणाऱ्या कामगाराबद्दल तो थेट काही सांगत नाही. आपण सर्रास त्यालाही तो लावतो. कुठल्याही लॅबला मेल टाकण्याआधी मेथड्स वाचा. कोण जागलं, किती तास, ते तिथे कळतं. तुमचा प्रश्नही तिथूनच निघेल.