हुआन दे पारेहा : गुलाम आणि चित्रकार

वेलास्केसनें १६५० सालीं रोममध्यें रंगविलेलें हुआन दे पारेहाचें व्यक्तिचित्र रसिकांस परिचित आहे. त्यांतील स्थिर नजरेचें कौतुक करणारे टीकाकार बहुधा वेलास्केसच्या कुंचल्यापाशींच थांबतात. हा आफ्रिकी वंशाचा पुरुष त्या वेळीं वेलास्केसचा गुलाम होता, हें ते एका वाक्यांत उरकतात. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्याचें मुक्तिपत्र झालें खरें. पण आणखी चार वर्षें चाकरीची अट त्यांत होतीच! धन्याच्या औदार्याचे गोडवे गाणारांनीं ती विसरूं नये.

पुढें पारेहा स्वतंत्र चित्रकार झाला. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयांतील त्याचें १६६१ चें 'संत मॅथ्यूस पाचारण' हें चित्र पाहावें. रचनेंत दाटी आहे. वेलास्केसचा संयम तींत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. परंतु डाव्या कडेला उभा असलेला पुरुष म्हणजे पारेहा स्वतः. हातांतील कागदावर त्याची सही आहे. वेलास्केसनें रंगविला त्याहून येथें त्याचा वर्ण उजळ आणि चेहरा निमुळता आहे. यास कोणी लाचारी म्हणतील. मला तसें वाटत नाहीं. ज्या शहरांत त्यास चित्रकार म्हणून उभें राहावयाचें होतें, तेथील माणसें कोणत्या डोळ्यांनीं पाहतात, हें तो चांगलें ओळखून होता.